हसणारे हवेत

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस किन्हवलीहून शहापूरला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये एक तरुणी रोज दिसे. तिचे नाव मी कधी विचारले नाही. ओळीवर बोट ठेवून ती इंग्रजी व्याकरणाच्या जाडजूड पुस्तकातली लांबलचक वाक्ये मोठ्याने म्हणत असे. मागच्या बाकावरून आवाज येई, "मॅडम, विलायतेला कधी निघताय?" सारे हसत. ती वाक्य तोडत नसे. फक्त आवाज चढवी.

सार्वजनिक वाहनात स्त्रीची टिंगल करणे हा गुन्हा आहे, असे मी त्या टोळक्याला सुनावले आणि आगारप्रमुखांच्या नावे लिहिलेली तक्रार तिच्यापुढे सहीसाठी धरली. तिने ती परत केली.

"नको, काका. नोकरीच्या लेखी परीक्षेत मी पास झाले. मुलाखतीत माझं इंग्रजी ऐकून साहेब हसले न् माझी वाचाच बसली. आता उद्या परत बोलवलंय. हसणाऱ्यांपुढं बोलायची सवय होऊ दे मला."

त्या साहेबांचा मला आजही संताप येतो.

मुलाखतीच्या दिवशी मात्र बस मुकाट होती. माझ्या धमकीचा तो परिणाम. पुस्तक मिटून ती माझ्याकडे वळली.

"तुमीच गप केलंत ना त्यांना? आता तुमी हसा."

मागणी न्याय्य होती. मी हसलो, मोठ्याने आणि निर्लज्जपणे. माझ्या हसण्यावर आवाज चढवून तिने वाक्य सुरू केले, आणि ते संपेपर्यंत माझ्यावर रोखलेली नजर हलवली नाही.