दहा गोळ्यांचे कारभारी

मखमलाबादच्या कारभारी तिडक्यांना डॉक्टरांनी सांगितलं, "रक्तदाब वाढलाय. चिडचिड कमी करा, एखादा शांत छंद लावून घ्या." कारभारींनी दोन दिवस विचार केला आणि पिस्तूल चालवायला शिकायचं ठरवलं.

हे सत्त्याण्णव सालचं. कारभारी तेव्हा पन्नाशीचे, शेवंती-झेंडूचे मोठे बागायतदार. माणूस आडवा आणि आवाज त्याहून आडवा. फुलबाजारात ते भाव सांगायला लागले की पलीकडच्या गल्लीतली गिऱ्हाइकं वळून बघत. थोडक्यात भागवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. घरी सत्यनारायण असला की शिरा काहिलीत शिजायचा आणि चार दिवस गुरंसुद्धा प्रसाद खायची.

देवळालीच्या रस्त्याला, एका जुन्या गोदामामागे आमच्या क्लबची रेंज होती. रेंज म्हणजे मातीचा उंच बांध, त्यापुढे कागदी लक्ष्यं आणि अलीकडे पत्र्याची शेड. मी क्लबचा चिटणीस, म्हणजे चहा मागवणारा. शिकवायला सुभेदार भिका अहिरे. तोफखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे कान अर्धे गेलेले. कारभारींशी त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं, कारण कारभारींचं बोलणं त्यांना नीट ऐकू यायचं.

त्याच वर्षी क्लबने बावीस बोअरचं नवं पिस्तूल घ्यायचं ठरवलं. प्रश्न होता मॅगझिनचा. मॅगझिन म्हणजे मुठीत सरकवायची गोळ्यांची डबी. ती पाच गोळ्यांची घ्यायची की दहाची? अध्यक्ष डॉक्टर गर्गे, दाताचे डॉक्टर, म्हणाले, "स्पर्धेत पाच-पाच गोळ्यांच्याच फैरी असतात. पाचाची घेऊ."

"पाच?" कारभारी उठलेच. "अहो, पाच गोळ्या म्हणजे काय सुपारी हाय का, पाहुण्याला द्यायला? लोक काय म्हणतील? दहाचीच घ्या!"

सुभेदार शांतपणे म्हणाले, "कारभारी, आमच्या तोफेत एका वेळी एकच गोळा असायचा. तरी समोरच्याने कधी तक्रार केली नाही."

"तुमचा गोळा केवढा, आमची गोळी केवढी! चवळीएवढी तर हाय!"

कारभारी आणखी अर्धा तास बोलले. शेवटी चहा गार होत होता म्हणून सगळ्यांनी दहाला हात वर केला.

पिस्तूल आलं. मॅगझिनची स्प्रिंग कडक होती. सातवी-आठवी गोळी आत दाबताना कारभारींचा अंगठा लाल व्हायचा आणि तोंडातून जे निघायचं त्याने डॉक्टर गर्ग्यांचे कान लाल व्हायचे. पहिल्या चार-पाच गोळ्या ते बऱ्या मारत. मग हात जड व्हायचा, खांदा वर चढायचा, आणि उरलेल्या गोळ्या बांधात, खांबात, एकदा तर शेजारच्या नेमबाजाच्या लक्ष्यात. त्याला त्या दिवशी सगळ्यांत जास्त गुण मिळाले.

आणि मग तो रविवार आला. कारभारींनी कधी नव्हे ती बायको आणली होती, कुसाबाई. त्या मागच्या बाकावर डॉक्टर गर्ग्यांशेजारी डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. कारभारींनी धडाधड गोळ्या झाडल्या. त्यांच्या हिशेबाने दहा झाल्या होत्या. त्यांच्या हिशेबाने. पिस्तूल हातात तसंच ठेवून ते वळले, "बघितलं का गं?"

"हथियार नीचे!" सुभेदार ओरडले आणि सत्तरीतल्या त्या माणसाने झेप घेऊन कारभारींचा हात जमिनीकडे दाबला. फाट्‌कन आवाज झाला. कारभारींच्या चपलेपासून वीतभर अंतरावर मातीत भोक पडलं. डॉक्टर गर्गे बाकाखाली होते. कधी गेले ते कुणालाच दिसलं नाही.

सुभेदारांनी कारभारींच्या हातून पिस्तूल काढून घेतलं. कुसाबाईंनी डबा बाकावर ठेवला, पदर सावरला आणि म्हणाल्या, "मारायचं होतं तर घरी सांगायचं. एवढ्या लांब कशाला आणलं?"

कारभारी घरी गेले ते महिनाभर फिरकले नाहीत. बाजारातही म्हणे हळू बोलत. गिऱ्हाइकांना वाटलं, माल खराब असणार.

मग एका सकाळी ते आले आणि सरळ सुभेदारांपुढे उभे राहिले. "सुभेदार, मला पाचाची मॅगझिन पाहिजे."

"क्लबकडे नाही. तुम्हीच घेऊ दिली नाहीत."

"मग म्या काय करू?"

"दहाचीत पाच भरा. मॅगझिन काही रडत नाही."

कारभारींनी डबी उलटीसुलटी करून पाहिली. "असं चालतं?"

"चालतं."

"मग तेव्हाच का नाय बोलले?"

"तुम्ही बोलू दिलं असतं तर बोललो असतो."

त्या दिवसापासून कारभारी पाचच गोळ्या भरू लागले. पाच झाल्या की मॅगझिन काढायची, पिस्तूल रिकामं असल्याचं सुभेदारांना दाखवायचं, खाली ठेवायचं, मग पाणी प्यायचं. या मधल्या वेळात खांदा खाली येई, श्वास जागेवर बसे. गोळ्या काळ्या वर्तुळाच्या आसपास पडू लागल्या. रक्तदाब मात्र उतरला नाही. डॉक्टरांनी शेवटी गोळ्या सुरू केल्या, त्या गिळायच्या.

दोन हजार तीन साली जिल्ह्याच्या स्पर्धेत ज्येष्ठांच्या गटात कारभारींना कांस्यपदक मिळालं. गटात तिघेच होते आणि त्यातल्या एकाचा चष्मा घरी राहिला होता, तरी तो दुसरा आला. कारभारींनी पदक गळ्यात घालून टेम्पोतून मखमलाबादभर मिरवणूक काढली. झेंडू घरचाच होता, त्यामुळे टेम्पो दिसतच नव्हता.

संध्याकाळी ते पदक देव्हाऱ्यात ठेवायला निघाले, तर कुसाबाई आडव्या आल्या.

"तिथं नको. देवाला वाटंल, तिसरा नंबर आपलाच आला."