टाकीतलं फडकं

माणच्या हैबतरावांना तो ट्रक ओळखायला डोळे उघडावे लागत नसत. गल्लीच्या तोंडाशी घरघर आली की पलंगावर पडल्या पडल्या ते म्हणत, "आला माझा." खरं तर ट्रक त्यांचा राहिला नव्हता. आठ वर्षांपूर्वी त्यांनीच तो विकला होता, आणि दोन-तीन हात फिरून यंदा दयानंदने घेतला. दयानंद लातूरकडचा, हैबतरावांच्याच खोल्यांमधला भाडेकरू. जिथे पूर्वी भात व्हायचा तिथे आता अकरा खोल्या, आणि खोल्यांसमोर म्हाताऱ्याचाच जुना ट्रक उभा.

या योगायोगावर हैबतराव बेहद्द खूश होते. विटांच्या खेपा टाकत असताना त्या ट्रकच्या डाव्या सीटवर पंधरा वर्षं त्यांची बायको लीलाबाई बसल्या होत्या. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. भिंतीवर फोटो होता, पण फोटोत बाई उगाच गंभीर दिसायच्या. हैबतरावांना त्या सीटवरच जास्त भेटायच्या. म्हणून रोज सकाळी काच पुसायचं निमित्त करून ते केबिनमध्ये जाऊन बसत. दयानंद हसायचा, पण बसू द्यायचा.

त्या दिवशी मात्र ट्रक दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणला. घोटावड्याच्या चढाला पुन्हा बंद पडला होता. दयानंद खाली उतरला तोच वैतागून. "तात्या, बस झालं आता. फिल्टर बदलला, पाइप बदलले, पंप खोलून आणला. चढ आला की खोकतो आन् मरतो. उद्या भंगारवाल्याला बोलवलंय."

हैबतराव केबिनच्या दाराला हात लावून उभे राहिले. भंगारवाला आधी केबिन कापतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

"दम धर की जरा," ते म्हणाले. "बंद पडल्यावर किती येळानं चालू व्हतो?"

"धा-पंधरा मिनिटांनी. आपोआप. जणू काही झालंच न्हाई."

"आन् टाकी भरलेली आसली की?"

"तवा चालतो." दयानंद थबकला. "अर्ध्याखाली गेली की नाटकं सुरू."

हैबतराव वाकून टाकीकडे पाहू लागले. हेच दुखणं त्यांच्याही वेळी होतं, आणि याच दुखण्याला कंटाळून त्यांनी ट्रक विकला होता. तेव्हा लीलाबाईंनी त्यांना एक गोष्ट सांगितली होती. ती त्यांनी हसून उडवून लावली होती.

त्या काळी ते पौडहून डिझेल आणून घरी पिंपात ठेवत. पिंपाच्या तळाला गाळ असायचा. म्हणून लीलाबाई जुन्या लुगड्याचं दुपदरी फडकं टाकीच्या तोंडावर नाडीने बांधत आणि दूध गाळावं तशा निगुतीने त्यातून डिझेल ओतत. एके दिवशी ते फडकं सापडेना.

"अवं, टाकीतच गेलं आसंल," त्या म्हणाल्या. "गाठ ढिली व्हती."

हैबतराव पोट धरून हसले. "येवढं फडकं येवढ्याशा तोंडातनं आत जाईल व्हय? गाडीतलं तुला काय कळतंय?"

त्या आणखी दोनदा म्हणाल्या. मग म्हणायच्या थांबल्या. आणि हैबतराव फिल्टरमागून फिल्टर बदलत बसले.

आता त्यांनी टाकीकडून येणारा पाइप सोडवून तोंडाने जोरात फुंकला. आधी वाट जराशी अडली, मग आत बुडबुडे फुटले आणि श्वास मोकळा गेला. म्हणजे टाकीत डिझेल कमी असताना इंजिन ओढायचं तेव्हा आतलं काहीतरी नळीच्या तोंडाला चिकटत होतं, आणि इंजिन थांबलं की सुटत होतं.

"टाकी रिकामी कर," ते म्हणाले.

तारेचा आकडा करून त्यांनी आत घातला. दोनदा नुसताच वर आला. तिसऱ्यांदा त्याला फडकं लागलं. डाळिंबी रंग काळा पडला होता, पण चारी कडांना लीलाबाईंच्या हातचा धावदोरा जसाच्या तसा होता. नाडी तुटलेली नव्हती, नुसती गाठ सुटली होती.

"कुणाचं हो हे?" दयानंदने विचारलं.

हैबतराव धावदोऱ्यावरून बोट फिरवत राहिले. त्यांना रडू येत होतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

संध्याकाळी दयानंदचा फोन आला. "तात्या, पाव टाकीवर चढ चढलो! भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं." हैबतराव तेव्हा मोरीत बसून फडक्याला चौथ्यांदा साबण लावत होते. डिझेलचा वास काही जाईना. भाडेकरूंच्या शर्टांशेजारी त्यांनी ते वाळत घातलं. उभ्या गावाला सांगण्यासारखी बातमी होती, पण ज्या एका माणसाला ती सांगायची होती तेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते केबिनमध्ये चढले. त्याच फडक्याने काच पुसली. मग डाव्या सीटकडे वळून म्हणाले, "लीले, टाकीतच व्हतं गं. तुझंच खरं व्हतं."

आणि "मंग? मी काय सांगत व्हते?" एवढं म्हणायला लीलाबाईंना जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ ते थांबले.