पाचवा ग्लास

पारबता मावशीचं नाव आधी घेतो. आई गेल्यावर तिनं मला वाढवलं, शिकवलं, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर केलं. माझ्या सत्काराच्या भाषणांत मी तिचं नाव दरवेळी घेतलं आहे. आता जे लिहितो आहे ते मात्र एकाही भाषणात आलं नाही. बायकोला सांगितलं नाही. मुलांना तर नाहीच.

मावशी मोहाची दारू काढायची. गडचिरोलीकडच्या मुलचेऱ्याच्या अलीकडे आमचं गाव, गावाबाहेर नाला, नाल्याच्या वरच्या अंगाला जांभळीचं झाड. तिथलं पाणी उन्हाळ्यातही गार, म्हणून भट्टी तिथं. गिऱ्हाइकं घरी यायची. भट्टीची जागा तिघांनाच ठाऊक होती — मावशीला, तिच्या मदतीला येणाऱ्या तुळसाबाईला आणि मला. त्या दारूवर माझी फी भरली गेली. मावशी स्वतः मात्र थेंब घेत नसे. विहारात पंचशील म्हणताना चार शीलं ती मोठ्यानं म्हणायची आणि पाचव्याला, मद्य न पिण्याच्या शीलाला, तोंड मिटून उभी राहायची. पीत नसले तरी पाजते, खोटं कशाला म्हणू, असं तिचं म्हणणं.

चव घ्यायची नाही, म्हणून ती वासावर पारख करायची. तळहातावर दोन थेंब, तळहात चोळायचे, नाकाशी धरायचे. मोह करपला का, सडवा, म्हणजे भिजत घातलेला मोह, जास्त आंबला का, धार पहिली की दुसरी — सगळं त्या वासात. मलाही शिकवलं. "वास खोटं नाई बोलत, बापू. माणूस बोलते," म्हणायची.

ही विद्या मी कुठं वापरली? गडचांदूरला.

ऐंशीनंतरची गोष्ट. सिमेंटच्या कारखान्यात मी लॅबमध्ये लागलो होतो. माझ्याबरोबरचा सुधीर पुण्याचा, शौकीन माणूस. त्यानं कुठून कुठून व्होडकाच्या चार बाटल्या जमवल्या — एक भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या कोणा रशियन इंजिनियरकडची — आणि रविवारी दुपारी आम्हाला क्वार्टरवर बोलावलं. पाच ग्लास, प्रत्येकाखाली आकड्याची चिठ्ठी, मधे काकडी आणि फुटाणे. कोणती कुठली ते ओळखायचं. जमलेल्यांत बोरकर साहेब होते. दारू पकडणाऱ्या खात्यातले, नुकतीच गडचिरोलीकडे बदली झालेले. हातभट्ट्या फोडायचा ज्यांचा पगार, तेही ग्लास उजेडाला धरून बघत होते. मला तेव्हा हसू आलं होतं. आता संताप येतो — त्यांचा कमी, माझा जास्त.

सगळ्यांनी घोट घेतले, माना डोलावल्या, कोणाला काही ओळखता येईना. "पाण्यात आग मिसळली, दुसरं काय," एक जण म्हणाला. माझी पाळी आली. मी प्यालो नाही. दोन थेंब तळहातावर घेतले आणि चोळले.

पहिली आणि चौथी उसाच्या मळीची, मी म्हणालो. दुसरी धान्याची, हीच रशियन. तिसरी आणि पाचवी एकाच बाटलीतली. सुधीर आपल्याला फसवतो आहे.

सुधीरनं कपाळावर हात मारला. "माणूस आहेस की कुत्रं रे तू?" सगळे हसले, पाठीवर थापा पडल्या. खेड्यातून आलेला मी — त्या खोलीत पहिल्यांदा कोणीतरी झालो होतो. मग बोरकर म्हणाले, "काऊन हो, हे हातावर चोळनं कुठी शिकले? हे तं भट्टीवाल्याची रीत आहे."

मला एवढंच म्हणायचं होतं — माझ्या मावशीकडून. दोन शब्द. ते आले असते तर काय झालं असतं? कोणी हसलं असतं. बस, इतकंच.

मी म्हणालो, "आमच्या गावात एक बाई काढते. लहानपणी पाहिलंय. अख्खं गाव नासवलं तिनं."

"कुठी काढते?"

इथं थांबता आलं असतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. पण माहीत नाही म्हटलं तर ती माझी कोणीतरी आहे असं दिसेल, अशी भीती वाटली. म्हणून मी सांगितलं — गावाचं नाव, नाला, वरचं अंग, जांभळीचं झाड. वर फुटाणे तोंडात टाकले.

आठवडाभरात धाड पडली. मडकी फोडली, वाळवलेली मोहफुलं नाल्यात ओतली, मावशीला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. शाळेच्या मास्तरांकडून लिहवून तिनं मला कार्ड पाठवलं. धाडीचं दोन ओळींत, बाकी सगळं तुळसाबाईबद्दल — जागा तिलेच माहीत होती, बापू, तिनंच सांगतलं काय?

मावशीनं पुन्हा भट्टी लावली नाही. तुळसाबाईशी पुन्हा बोलली नाही. समोरासमोर घरं, बारा वर्षं. मावशीच्या मयतीला तुळसाबाई लांब, बाभळीखाली उभी होती. तिला जवळ या म्हणायचीही माझी हिंमत झाली नाही. पुढच्या वर्षी तीही गेली.

त्या कार्डाला मी पाठवलेलं उत्तर मावशी गेल्यावर तिच्या पेटीत सापडलं. माझ्या पदवीच्या फोटोला गुंडाळून ठेवलं होतं. मास्तरांनी तिला ते वाचून दाखवलं असणार. ते असं आहे —

ती. मावशीस बापूचा सप्रेम जयभीम.
कार्ड पोचले. वाचून फार वाईट वाटले. आता तू भट्टी लावू नकोस, मी आहे. तब्येतीला जप.
कोणी सांगितले असेल, असे तू विचारतेस. मी इतक्या दूर, मला काय ठाऊक? पण जांभळीखालची जागा आपल्याशिवाय तुळसाबाईलाच माहीत होती. तू म्हणतेस तेच खरे असेल. तिच्यापासून सांभाळून राहा.
तुझा,
बापू