मासळीच्या टेम्पोचं दान

जितू गेल्यानंतर मी देव्हाऱ्यात दिवा लावत होते, पण हात जोडत नव्हते. सवयीनं वात पेटवायची आणि पाठ फिरवायची. एकवीरा आई आमची कुलस्वामिनी. लग्न होऊन खारी गावात आले तेव्हापासून तिच्याशी बोलल्याशिवाय माझा दिवस गेला नव्हता. पण धडधाकट मुलगा सकाळी छातीत दुखतंय म्हणाला आणि दुपारी हॉस्पिटलमधून त्याच्या कपड्यांची पिशवी माझ्या हातात दिली. अशा देवीशी काय बोलायचं? मला तिचा राग आला होता, आणि राग ओसरला तेव्हा आत काहीच उरलं नव्हतं.

जितूचा टेम्पो होता. उत्तनच्या बंदरावर मासळी भरायची आणि भाईंदरच्या बाजारात उतरवायची, हा त्याचा धंदा. तेराव्याला गेलेल्या माणसाच्या नावानं छत्री, चपला, गादी दान देतात. भटजी काय काय लागेल ते सांगत होते, तेव्हा सगळ्या भावकीसमोर माझ्या तोंडून निघून गेलं, की जितूचा टेम्पो मी पुण्यकार्याला देईन. शब्द त्याच्या नावानं दिला होता. तो पुरा झाल्याशिवाय माझं लेकरू वाटेतच अडकून राहील, असं माझ्या मनानं घेतलं.

मीरा रोडला गरिबांना जेवण वाटणारी एक संस्था आहे. तिथले शेठ स्वतः टेम्पो बघायला आले. मागचं दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरकले. भला माणूस, नाकाला रुमालसुद्धा लावला नाही. हात जोडून एवढंच म्हणाले, "माँजी, बुरा मत मानना, इसमें प्रसाद कैसे ले जाएँगे?"

मग मी पदर खोचला. चिंचेनं घासला, लिंबानं घासला, फिनेल ओतलं, आत धूप जाळला, दारं सताड उघडी टाकून उन्हात ठेवला. इतकी वर्षं पत्र्यात मुरलेलं मासळीचं पाणी, ते काय असं जातंय! शेवटी धुपाचा आणि सुरमईचा मिळून असा काही दर्प सुटला की शेजारीण म्हणाली, आधीचाच बरा होता. कितीतरी दिवसांनी मला हसू आलं आणि हसता हसता मी तिथेच मटकन खाली बसले. जितू दमून घरी यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला हाच वास असायचा. पुण्य लागावं म्हणून मी माझ्या मुलालाच घासून काढत होते. तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा घासायला बसले, कारण दिलेल्या शब्दाचं दुसरं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या एका संस्थेला शाळेची वह्या-पुस्तकं न्यायला गाडी हवी होती. त्यांनीही वासामुळे नको म्हटलं. वर्षश्राद्ध जवळ आलं. दारातला टेम्पो बघून जितूचे बाबा जेवता जेवता ताटावरून उठायचे. एके दिवशी त्यांनी भंगारवाल्याला सांगून टाकलं. मी भांडले नाही. देवाला माझं दानसुद्धा नको असेल तर मी कुणाच्या जिवावर जगायचं, एवढंच मनात घोळत राहिलं.

भंगारवाला यायचा त्या सकाळी मी टेम्पोतला एकवीरेचा फोटो काढून घ्यायला गेले. जितूच्या सीटवर बसले आणि मला उठवेना. काचेबाहेर एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली. गळ्यात क्रूस, हातात कापडी पिशवी.

"ही गाडी मासळीची हाय ना?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "वास येतोय ना? जात नाही तो."

"न्हाय गेला तरी चालंल," ती म्हणाली. "आमाला मासळीच आनायची हाय."

ती उत्तनकडल्या डोंगरी गावाजवळच्या एका वृद्धाश्रमात स्वयंपाक करायची. उत्तनचे होडीवाले आश्रमाला मासळीचा वाटा काढून ठेवतात, पण तो आणायचा कसा? रिक्षावाले मासळीच्या पाट्या घेत नाहीत, बसमध्ये चढू देत नाहीत. टेम्पोवाला शोधत ती आमच्या भाईंदर पूर्वेपर्यंत आली होती आणि इथल्या एकानं वास राहील म्हणून तिला परत पाठवलं होतं; जाता जाता तिला आमचा टेम्पो दिसला. मी तिचा हात धरून घरात नेलं. जितूचे बाबा सगळं ऐकून घेऊन उठले आणि भंगारवाल्याला नको म्हणून फोन केला. मी फोटो काढायचं विचारलं, तर बाई म्हणाली, राहू दे.

कागदपत्रं झाली आणि पहिल्या खेपेला आम्ही दोघं टेम्पोबरोबर गेलो. बंदरावरून पाट्या भरून आश्रमात पोचलो, तर व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून एक म्हातारे बसले होते. जन्मभर होडीवर गेलेले, पण इथे आल्यापासून कुणाशी बोलत नव्हते, असं त्या बाईनं सांगितलं. मागचं दार उघडलं तशी त्यांनी मान वळवली. भिंत धरत धरत आले, टेम्पोत डोकं घातलं आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला.

"बोंबील आयलाय काय?" ते म्हणाले.

मी जितूच्या बाबांकडे बघितलं. ते तोंड फिरवून रडत होते. मीच पाटी पुढे ओढली आणि त्या म्हाताऱ्यांच्या ओंजळीत बोंबील ठेवले.

याला कुणी चमत्कार म्हणावं असं माझं म्हणणं नाही. माझा मुलगा परत आलेला नाही, आणि त्याच्या नुसत्या आठवणीनं अजूनही घास गिळवत नाही. पण जे मी लाजून घासत होते, तेच एकवीरा आईनं मागून घेतलं. आपलं दान कसं असावं हे मी ठरवत बसले होते, आणि तिला जसं होतं तसंच हवं होतं. एवढ्यासाठी मी तिची ऋणी आहे.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी शिकवलं होतं, मासळीच्या हातानं देव्हाऱ्याला शिवायचं नाही. मी ते कायम पाळलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी हात न धुताच दिवा लावला, आणि तेच हात जोडले.