कपाटातला बिस्किटाचा डबा

तीन महिन्यांचं संशोधन मी रुमालाने पुसून टाकलं. नव्वदच्या दशकात हिंगोलीच्या कॉलेजात मी काचपट्ट्यांवर झिंक ऑक्साइडचा पातळ थर चढवत असे. त्यातून गॅस ओळखणारा सेन्सर करायचा होता. तो धुरकट थर मला धूळ वाटला. सोमवारी विद्यापीठात तपासणी, आणि माझ्या हातात सहा लख्ख कोऱ्या काचा.

आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई, मामा, गोरेगावकडच्या तांड्यावरचे. काच नेहमी कडेने धरायचे. धुतली की तिच्यावर तोंडाची वाफ सोडायचे. वाफ सारखी पसरली तरच “बराबर” म्हणायचे. मी धुतलेली काच त्यांनी पहिल्या खेपेला कधीच पास केली नाही.

माझं तोंड आणि हातातल्या कोऱ्या काचा पाहून त्यांनी कपाटातून बिस्किटाचा डबा काढला. आत कागदात गुंडाळलेल्या काचा होत्या, थरासकट. माझ्या प्रत्येक खेपेतली एकेक, वर नंबर टाकलेली.

“काहून ठेवल्या, मामा?”

“तुमचं काम पाहून राहिलो ना, सर.”

जरा धीर यावा म्हणून मी विचारलं, “आधीच्या सरांच्याही ठेवायचात?”

“न्हाई,” डबा पुसत मामा म्हणाले, “त्यांच्या वक्ताला गरजच न्हाई पडली.”