चपलांची रांग

सुरतेच्या मराठी शाळेत शिकवता शिकवता मी निवडणुकीच्या कितीतरी ड्यूट्या केल्या, पण केंद्राध्यक्ष म्हणून पहिली ड्यूटी खानदेशी वस्तीच्या नवागामची. नव्वदच्या दशकातली लोकसभा. दिवसभर जो येई तो माझ्या हाताखालच्या क्लार्कला साहेब म्हणे आणि मला विचारी, बाई, साहेब मोकळे आहेत का? ऐकून घेणं माझ्या स्वभावात नाही, पण त्या दिवशी घेतलं.

साडेचारच्या सुमाराला दारावरचा पोलीस आत आला. "बेन, लाइनमां तो चंपल ऊभां छे."

बाहेर येऊन बघते तर बायकांच्या रांगेत एकही बाई नाही. नुसत्या चपला, एकीमागे एक, पार फाटकापर्यंत. नळाला पाणी आलं होतं. नळावर हंडा ठेवून नंबर लावायची सवय, तीच बायांनी इथे चपला ठेवून चालवली होती. मला हसू फुटलं, पण लगेच घड्याळाकडे नजर गेली. पाचच्या ठोक्याला जी रांगेत उभी असेल तिलाच मत, असा नियम. तो मला एका पोलिंग एजंटाने घड्याळ दाखवून पुन्हा ऐकवला.

केंद्र सोडून जाता येईना. मग फाटकात उभी राहून वर्गात ओरडते तशी ओरडले, "बायांनो, पाचला दार बंद. चपलांना मत नाही."

अनवाणी धावत आल्या सगळ्या आणि आपापल्या चपलांत उभ्या राहिल्या. शेवटची जोडी तेवढी रिकामी. ही कुणाची म्हणून विचारलं तर तिच्या पुढची अहिराणीत म्हणाली, "ती नळवर शे. आमना हंडा भरी ऱ्हायनी."

मला तिचा रागही आला आणि तिच्यासाठी जीवही तुटला. रांग सोडायची कुणाला सोय नव्हती. तेव्हा साऱ्या जणींनी उभ्या जागेवरून तिला हाका घातल्या. पाचाला काटा टेकायच्या आत ती आली, लुगडं ओलंचिंब, आणि तिने चपलांत पाय घातले.

मागून कुणी घुसू नये म्हणून पाच वाजता केंद्राध्यक्षाच्या सहीच्या नंबरवार चिठ्ठ्या रांगेच्या शेपटाकडून वाटतात. त्यामुळे एक नंबरची चिठ्ठी तिला मिळाली. "मना पहिला नंबर," ती सगळ्यांना दाखवत सुटली, आणि मत मात्र सर्वांत शेवटी दिलं.

बोटाची शाई फुंकत ती माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. क्लार्क शेजारीच होता, त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही.

"आते जाऊ का, सायेब?"

मी जा म्हणाले, आणि मतपेटीचं सील गुणगुणत लावलं.