साहेबांची बुर्जी

प्रल्हाद सोनवणे बुधवारी गेला. सकाळी त्याच्या मुलीचा फोन आला. मी गेलो आणि दुपारी परत आलो. त्या दिवसापासून मी बुद्धिबळाच्या पटाला हात लावलेला नाही.

परवा ती भेटायला आली होती. म्हणाली, "काका, तुमची आणि बाबांची ओळख कशी झाली?" मी म्हटलं, एका साहेबामुळे. तिला ती मस्करी वाटली. म्हणून लिहायला बसलो आहे.

मी जळगावात कॉलेजचा ग्रंथपाल होतो आणि सुट्टीच्या दिवशी बुद्धिबळाचा पंच. पंचाचं काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. खुर्चीत बसायचं आणि गप्प राहायचं. काम खरोखर एवढंच आहे. त्यातलं दुसरं कठीण जातं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. धुळ्यातल्या एका सरकारी खात्याने त्यांच्या वार्षिक स्पर्धेसाठी मला पंच म्हणून बोलावलं. जिंकणारा मुंबईला राज्यस्पर्धेला जाणार होता. दहा दिवस, ऑन ड्यूटी. ऑफिसचे कार्यकारी अभियंता स्वतः खेळत होते. त्यांचं नाव लिहीत नाही. खात्याला असे साहेब वेळोवेळी मिळत आलेले आहेत.

बुद्धिबळात हार दिसू लागली की चांगला खेळाडू घड्याळ थांबवतो आणि हात पुढे करतो. याला डाव सोडणं म्हणतात. पुढचं तुम्हाला येतं हे मला मान्य आहे, एवढाच त्याचा अर्थ. ही सभ्यता आहे, सक्ती नाही. त्या ऑफिसात ही सभ्यता मी तोपर्यंत कुठेही पाहिली नव्हती इतकी पाहिली. पहिल्या फेरीत एका उपअभियंत्याने साहेबांपुढे बाराव्या चालीला डाव सोडला. त्याचं एकही प्यादं पडलेलं नव्हतं. दुसऱ्या फेरीतल्या अकाउंटंटने नवव्या चालीला सोडला, आणि वर साहेबांना म्हणाला, "सर, तुम्ही बोलत बोलत खेळता, पण आत केवढं चाललेलं असतं!" साहेब अशा रीतीने अंतिम फेरीत आले.

समोर प्रल्हाद होता. खात्यात ट्रेसर. म्हणजे इंजिनियरांनी काढलेले नकाशे ट्रेसिंग कापडावर शाईने उतरवून घेणारा. तिशीचा, बारीक, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. त्याची बायको जळगावला सरकारी दवाखान्यात नर्स होती, मुलगी दोन वर्षांची. बदलीचा अर्ज सहा वर्षं साहेबांच्या टेबलावर होता. हे मला त्याने सांगितलं नाही. हेडक्लार्क भामरेनानांनी सांगितलं, डाव सुरू होण्याआधी, चहा देताना, कोणी न विचारता.

पंचविसाव्या चालीला साहेबांचा वजीर गेला. आता ते हात पुढे करतील म्हणून मी पेनचं टोपण काढलं. साहेब खुर्चीत मागे रेलले, हसले, आणि आपला हत्ती प्रल्हादच्या उंटाच्या माऱ्यात नेऊन ठेवला. फुकट. प्रल्हादने थोडा वेळ पाहिलं आणि हत्ती घेतला. साहेबांनी घोडा दिला. मग दुसरा हत्ती.

"वा साहेब!" मागून कोणीतरी म्हणालं.

मी तोवर बरेच डाव पाहिले होते, पण आनंदाने हरणारा माणूस पाहिला नव्हता.

एवढ्यात साहेबांना फोन आला. ते उठले. "घड्याळ थांबवा हो जरा."

"थांबवता येत नाही, साहेब. तुमची चाल आहे."

त्यांनी मी खात्यातला आहे का हे एकदा नीट पाहिलं आणि गेले. लगेच भामरेनाना प्रल्हादच्या खुर्चीला टेकले.

"काय करी राह्यना भाऊ? तुन्ही बदलीनी फाईल साहेबना टेबलवर शे. सोडी दे ना डाव!"

मी म्हटलं, "नाना, चालू डावात खेळाडूशी बोलायचं नाही."

नाना अहिराणीतून लगेच ऑफिसच्या मराठीवर आले. "मी बुद्धिबळाचं कुठे बोलतोय, सर? मी बदलीचं बोलतोय."

नियमपुस्तकात बदलीबद्दल काही नव्हतं. तरी मी त्यांना बघणाऱ्यांसाठी आखलेल्या रेषेबाहेर उभं केलं.

प्रल्हादने मान वर केली. "सर, जिंकत असलेल्याला डाव सोडता येतो?"

"येतो. कोणालाही, केव्हाही. नियमात कारण विचारत नाहीत."

"बरं," तो म्हणाला.

मी पुन्हा गप्प बसलो. त्या दिवशी सर्वांत कठीण गेलं ते हे.

साहेब परत आले, चाल केली, आणि प्रल्हादचं घड्याळ सुरू झालं. तो दहा मिनिटं हललाच नाही. एकदा त्याचा हात घड्याळाकडे गेलासुद्धा. भामरेनाना एक पाऊल पुढे सरकले. मग त्याने हात मागे घेतला आणि साहेबांचा दुसरा घोडा मारला.

पुढे साहेबांनी उंट दिला, प्यादी दिली. शेवटचं प्यादंही हाताने पुढे ढकलून दिलं. प्रल्हादने तेही घेतलं. पटावर साहेबांचा राजा एकटा उरला.

साहेब उभे राहिले. "बुर्जी!" दोन्ही हात वर. टाळ्या पडल्या. "बरोबरी! सोनवणे, फसलास बेटा!"

मग मला उलगडा झाला. आपल्याकडे जुन्या देशी पद्धतीत एकाचा राजा एकटा उरला की त्याला बुर्जी म्हणत आणि डाव बरोबरीत सुटे. म्हणून जिंकणारा समोरच्याचं एखादं प्यादं जपून जिवंत ठेवी आणि मग मात करी. साहेब सगळं सैन्य मारवून घेऊन स्वतःला वाचवत होते.

"साहेब, इथे बुर्जी नाही. डाव चालू आहे."

"नाही म्हणजे? आमच्या जामनेरला आहे!"

"स्पर्धेला आंतरराष्ट्रीय नियम आहेत."

"धुळ्यात?"

"परिपत्रकात लिहिलं आहे. खाली आपलीच सही आहे."

कोणी हसलं नाही. सगळे पंख्याकडे पाहू लागले. साहेब बसले. पटाकडे पाहिलं. समोर वजीर, दोन हत्ती आणि शाईचा डाग.

"किती चाली?" त्यांनी विचारलं.

"दोन, साहेब. फार तर तीन."

आता तरी हात पुढे करायचा. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "मला मीटिंग आहे," म्हणाले आणि गेले. त्यांच्यामागे ऑफिस गेलं. भामरेनाना टेबलावरची बिस्किटंही घेऊन गेले.

साहेबांची चाळीस मिनिटं शिल्लक होती. बुद्धिबळाच्या घड्याळाला दोन तबकड्या असतात. वेळ संपली की लहान लाल झेंडी पडते आणि डाव जातो. झेंडी पडेपर्यंत पंचाने बसायचं. मी बसलो. प्रल्हाद रिकाम्या खुर्चीसमोर बसला. बोलायचं नव्हतं. मी बोललो.

"तुम्हाला बुर्जी माहीत नव्हती?"

"माहीत होती. आमचे आबा एदलाबादला तसंच खेळायचे."

"मग साहेब मोहरी का देताहेत हे कळलं नाही?"

"दुसऱ्या हत्तीलाच कळलं."

"त्यांना सांगायचं तरी. किंवा मधेच मात करायची."

"मात तर चार वेळा होत होती, सर." तो पहिल्यांदाच हसला. "पण सहा वर्षांत साहेब पहिल्यांदा काहीतरी देत होते. नाही कसं म्हणणार?"

झेंडी पडली. मी निकाल तीन प्रतींत लिहिला: सोनवणे विजयी. दोघांनी सह्या करायच्या असतात. एकाच सहीचा कागद मी ऑफिसात दिला आणि पोच घेतली.

आठ दिवसांनी खात्याचं पत्र आलं. अंतिम सामना प्रशासकीय कारणास्तव अनिर्णित. सोनवणे यांना कामाच्या निकडीमुळे मुंबईला सोडता येत नाही. संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून कार्यकारी अभियंता जातील. मी पोच जोडून उत्तर पाठवलं. त्याचं उत्तर यायचं आहे.

प्रल्हादची बदली झाली; जळगावला नव्हे, सातपुड्याच्या पायथ्याला धरणाच्या साइटवर. तिथून त्याचं मला पहिलं पोस्टकार्ड आलं. त्यावर फक्त एक चाल होती, आणि खाली: आता तुमची, सर. तीन वर्षं आम्ही कार्डांवर खेळलो. मुलगी त्या तीन वर्षांत त्याला पाहुणा समजायला लागली होती. हे त्याने एकदाच लिहिलं, चालीच्या खाली, बारीक अक्षरात. साहेब प्रमोशनवर गेले तेव्हा तो जळगावला आला. तेव्हापासून दर रविवारी माझ्या घरी डाव.

त्या ऑफिसने मला पुन्हा बोलावलं नाही. पुढच्या वर्षीचं परिपत्रक प्रल्हादने मला जळगावला आल्यावर दाखवलं. जावक क्रमांक, शिक्का, सगळं व्यवस्थित. कलम सात: स्थानिक परंपरेनुसार बुर्जी ग्राह्य धरण्यात यावी.

डाव केव्हा सोडावा यावर माझ्या ग्रंथालयात चांगली पुस्तकं होती. सगळी एवढं गृहीत धरून लिहिलेली की हरतो आहे त्याला ते दिसतं, आणि तो प्रश्न त्यालाच विचारला जातो. नोकरीत तो जिंकणाऱ्याला विचारतात. प्रल्हादने त्याचं उत्तर एकदा दिलं आणि किंमत म्हणून तीन वर्षं भरली. 

शेवटच्या रविवारचा आमचा डाव अर्धा राहिला. पट खिडकीजवळच्या टेबलावर तसाच आहे. माझ्याकडे काळी मोहरी आहेत आणि एक घोडा कमी आहे. चाल माझी आहे.